बुधवारची शेतीशाळा

रोहिणी पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती रागावून. मी धानोऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. तिच्या कापसावर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या, म्हणून वेचून चपलेखाली चिरडत होतो.

"ओ पाव्हना! काय करी ऱ्हायनात?"

शेजारच्या वावरात बचत गटाच्या बाया जमल्या होत्या. त्यातली एक मुलगी बांध ओलांडून आली.

"अळ्या मारी ऱ्हायनू."

"ती ढालकिडानी अळी शे. कापूसवरना मावा खाई टाकस. मित्रलेच मारी टाकं तुम्ही!"

"मित्र शे, ते मंग वळख करी द्या ना..."

तिने हसू दाबलं. "बुधवारे या. शेतीशाळा ऱ्हास आमनी."

ती शाळा तीच चालवायची. बाया उभ्या पिकात बसून पानं उलटायच्या, कोणता किडा मारायचा, कोणता राखायचा ते शिकायच्या. मी तीन बुधवार गेलो. बांधावरच उभा राहायचो. तिसऱ्या बुधवारी विचारलं, "आनि मी? मित्र का शत्रू?"

"आजून अळी शेतस... पंख फुटू द्या, मंग सांगसू."

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं.

तिला आमच्या गावातही शाळा काढायची होती. त्यासाठी फवारणी न केलेला अर्धा एकर मागायची. आणि मला म्हणायची, "तुम्ही पहिले बसा. तुम्ही बसनात ते बाकीना बी येतीन."

"बायकोपुढे शिकाले बसू? लोके हसतीन. पुढला साल देखू."

"बरं," म्हणायची. पुढच्या पेरणीला पुन्हा विचारायची. असं चार वर्षं. पाचव्या वर्षी तिला कावीळ झाली. आठ दिवसांत गेली.

यंदा मी अर्धा एकर फवारला नाही. तिने ओट्यावर बसवून थोडंफार शिकवलेली शेजारची कामिनी बुधवारी चार बाया घेऊन आली.

"नवलभाऊ, शिकाडी कोन?"

"तुम्ही शिकाडा. मी शिकाले बठस."

मी बायांच्या रांगेत खाली बसलो. रस्त्यावरून जाणारा गावातला दोधू ओरडला, "काय रे नवल, आते लुगडं बी नेस!"

सगळ्या हसल्या. कामिनीही हसली. मग तिने एक पान उलटलं आणि सांगू लागली. दोधू त्याच्या कामाला निघून गेला.

एवढंच होतं. एवढ्याला भिऊन मी तिला चार वर्षं 'पुढला साल' म्हणत राहिलो.