वांगेहरणाच्या प्रयोगात गेलेली लाईट

सुनंदाबाई आणि चुडामणभाऊ यांचं लग्न झालं.

वरचं वाक्य आपण वाचलेलं नाही. जळगावच्या वीज कचेरीपासून नशिराबादच्या केळीच्या बागांपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं, एकमेकांना सांगितलं, आणि मग 'आपल्याला काही माहीत नाही बुवा' असा चेहरा केला. आपणही तोच चेहरा करून पुढे जाऊ. तर... अजून काहीच झालेलं नाही. ब्याण्णव साल आहे, पोळा नुकताच होऊन गेलाय, आणि ती दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

सुनंदाबाई वीज कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसायच्या. खिडकीला जाळी होती. जाळी तक्रारदारांपासून कर्मचाऱ्यांचं संरक्षण व्हावं म्हणून होती, पण तिच्यातून आवाज व्यवस्थित यायचा, म्हणून तिचा काही उपयोग नव्हता.

त्या दिवशी जाळीपलीकडे एक माणूस आला. उंच, सावळा, पांढऱ्या सदऱ्यावर काळपट डागांची नक्षी. केळीचा चीक. एकदा लागला की सदरा फाटतो, पण डाग जात नाही.

"मॅडम, आमची डीपी जळाली."

डीपी म्हणजे शिवारातलं ते डबडं, ज्याच्यातून पंपाला वीज मिळते. ते जळलं की पंप बंद, आणि सगळी बाग तहानलेली.

"कधी?"

"बुधवारी गेली. पण त्याच्या आधीपासून तिची तब्येत बरी नव्हती."

सुनंदाबाईंनी वर पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती.

"अर्ज द्या."

त्यानं अर्ज सरकवला. सुनंदाबाईंनी वाचला, आणि पुन्हा वाचला.

"हे काय? वर 'श्री', खाली 'आपला कृपाभिलाषी'... हा अर्ज आहे की लग्नपत्रिका?"

"गावात अर्ज लिहिणारा आणि पत्रिका लिहिणारा एकच आहे, मॅडम."

"कोण?"

"मीच."

सुनंदाबाईंनी शिक्का जरा जोरातच मारला. हसू दाबायचं असलं की त्या शिक्का जोरात मारायच्या. त्या महिन्यात त्यांच्या टेबलाचा एक पाय ढिला झाला.

कारण डीपी दुरुस्त झाली, तरी चुडामणभाऊ येतच राहिले. एकदा नुसतेच उभे.

"आज काय तक्रार?"

"लाईट चांगली चालू आहे."

"ही तक्रार आहे?"

"असं कधी होत नाही ना, मॅडम. म्हटलं काही बिघाड असेल... तुम्ही एकदा पाहून घ्या."

दुसऱ्यांदा आले ते हातात केळीची फणी घेऊन.

"मी ऑफिसात कुणाकडून काही घेत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मले माहीत आहे. मी खातो. तुम्ही फक्त पाहा."

आणि खरंच, जाळीसमोर उभं राहून त्यांनी दोन केळी शांतपणे खाल्ली, सालं खिशात घातली, नमस्कार केला आणि गेले. मागे रांगेत उभ्या असलेल्या आठ-दहा जणांपैकी कुणीही तक्रार केली नाही. वीज कचेरीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

इतपत सगळं ठीक होतं. माणसाला जाळीच्या आतून हसता येतं. खरी भीती पुढे होती... शाळेच्या गॅदरिंगची.

सुनंदाबाईंची मुलगी विशाखा नववीत होती, आणि तिला नाटकात मुख्य काम मिळालं होतं. नाटक संगीत होतं. ते संगीताच्या भटू सरांनी स्वतः लिहिलं होतं आणि त्याचं नाव 'संगीत वांगेहरण' होतं. कथा अशी — भरिताच्या वांग्यांची राणी शेतात सुखाने नांदत असते. तिला तोडून नेतात, चुलीवर भाजतात, आणि ती खानदेशासाठी आनंदाने प्राण देते. शेवटच्या अंकात प्रेक्षकांनी रडावं अशी सरांची अपेक्षा होती. कुणी न रडल्यास सोय म्हणून तीन कांदेही पात्रांत घेतले होते. त्यांतला एक कांदा म्हणजे चुडामणभाऊंचा मुलगा अभिमन. त्याची आई तो पाळण्यात असतानाच गेली होती, त्यामुळे त्याचा जांभळा झगा भाऊंनी स्वतः शिवला होता, आणि तो पोत्यासारखाच दिसत होता.

यात हसण्यासारखं बरंच होतं. सुनंदाबाईंना मात्र हसू येत नव्हतं.

विशाखा तीन वर्षं गायलीच नव्हती.

तिचे वडील, मोतीलाल, लाईनमन होते. खांबावर चढले की गायचे. वरून पहिली ओळ ते म्हणायचे आणि खालून दुसरी ओळ विशाखा. गल्लीत लाईट गेली की लोक शिव्या द्यायचे नाहीत, गाणं ऐकायला ओट्यावर येऊन बसायचे. मग एका संध्याकाळी ते लाईट दुरुस्त करायला खांबावर चढले, पहिली ओळ म्हटली... आणि कुठून तरी, कुणी तरी, न विचारता वीज सुरू केली.

दुसरी ओळ राहिली ती राहिलीच.

सुनंदाबाईंना त्यांच्या जागी नोकरी मिळाली. विशाखाने गाणं बंद केलं. घरात रेडिओ लागला की ती उठून मोरीत भांडी घासायला बसायची. तीच मुलगी आता वांग्याचा हिरवा मुकुट घालून गाणार होती. भटू सरांनी काय जादू केली कोण जाणे. पण सुनंदाबाईंना एवढं कळत होतं की आज हे गाणं मध्येच तुटलं, तर ही पोर पुन्हा कधीच तोंड उघडणार नाही.

आणि गावाला रोज संध्याकाळी कधी लाईट जाते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

गॅदरिंगच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, मध्ये जायला बोळ. सुनंदाबाई बोळाच्या कडेला बसल्या. बोळाच्या पलीकडच्या खुर्चीवर चुडामणभाऊ येऊन बसले. त्यांनी स्टेजच्या कमानीसाठी ट्रॅक्टरभर केळीचे खांब आणले होते. ट्रॅक्टर गेटाबाहेर उभा होता.

जाळी नव्हती. दोघांनाही ते एकदमच जाणवलं.

"मॅडम..." भाऊ समोर बघतच म्हणाले, "आज लाईट...?"

"साहेबांना सांगितलंय. एवढी एक संध्याकाळ राहू द्या म्हणून."

"काय म्हणाले?"

"हसले."

"आणि शाळेचं जनरेटर?"

"लग्नाला गेलंय."

"कुणाच्या?"

"मला काय माहीत! जनरेटर मला विचारून जातं का?"

"रागावल्या का?"

"नाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं. "घाबरलेय."

भाऊंनी मान वळवून गेटाबाहेरच्या ट्रॅक्टरकडे पाहिलं.

तोवर सत्कार सुरू झाले. प्रमुख पाहुण्यांचा झाला, त्यांच्याबरोबर आलेल्यांचा झाला, त्यांना घेऊन आलेल्या ड्रायव्हरचा झाला. मग पाहुणे बोलायला उभे राहिले. 'मी दोनच शब्द बोलणार आहे,' असं म्हणून त्यांनी वेदकाळापासून सुरुवात केली. सुनंदाबाईंचं बोट पदरात पांढरं पडलं. पाहुणे सम्राट अशोकापर्यंत आले तेव्हा भाऊ उठले, स्टेजजवळ गेले, आणि पाहुण्यांच्या कानात काहीतरी पुटपुटले. पाहुणे तिथेच थांबले आणि खाली उतरले.

"काय सांगितलं त्यांना?"

"तुमच्या गाडीखाली म्हैस बसली आहे."

"बसलीये?"

"शोधायला वेळ लागेल त्यांना."

सुनंदाबाईंकडे शिक्का नव्हता. हसू आलं ते आलंच.

पडदा सरकला. वांगेराणी आली. जांभळी साडी, हिरवा मुकुट. पहिला अंक सरला. दुसरा सरला. वांगेराणीचं गाणं एकच होतं, शेवटचं. कांदे वेळेवर रडले. मग ती चुलीसमोर उभी राहिली, पेटीवर सूर धरला गेला, तिनं आईकडे पाहिलं, श्वास घेतला, आणि—

लाईट गेली.

पटांगणावर अंधार घोंगडीसारखा पडला. पेटी थांबली. आणि मग अंधारातून, मागच्या रांगांतून, अगदी सहज, सवयीने आवाज आला —

"ओ मॅडम... लाईट!"

कुणीतरी हसलं. सुनंदाबाईंना वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. स्टेजवरून काहीच ऐकू येत नव्हतं. हुंदकाही नाही. शांतताच अशी, की घरातल्या मोरीतली भांडी आठवावीत.

"विशू..." त्या कुजबुजल्या.

बोळापलीकडची खुर्ची सरकली. कुणीतरी धावत गेलं. गेटाकडे काहीतरी खोकलं, धडधडलं, आणि फाटकातून दोन पिवळे डोळे आत शिरले. ट्रॅक्टर बोळातून पुढे आला. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला होते हे फार बरं झालं.

उजेड नेमका स्टेजवर पडला. वांगेराणी हात तसाच वर धरून उभी होती, डोळे मिटून.

पण इंजिनाची धडधड एवढी, की कमानीचे केळीचे खांब हलत होते. सुनंदाबाई धावत ट्रॅक्टरपाशी गेल्या.

"बंद करा ते! बंद करा आधी!"

"बॅटरी म्हातारी आहे, मॅडम! बंद केलं त दिवे थोडाच वेळ राहतील. आणि मंग हा परत चालू होणार नाही!"

"मग ढकलू!"

"तुम्ही?"

"मी!"

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. इंजिन बंद केलं.

शांतता. दिवे होते, जरा पिवळट. विशाखाने डोळे उघडले. ओठ हलले... आणि पुन्हा मिटले. उजेड अजून थोडा उतरला.

"मला वर घ्या," सुनंदाबाई म्हणाल्या.

"अं?"

"वर! हात द्या!"

भाऊंनी हात दिला. वीज कचेरीच्या तक्रार खिडकीवरच्या बाई, नवी साडी, अंबाड्यात गजरा, अख्ख्या शाळेसमोर ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर चढून उभ्या राहिल्या. त्यांना गाता येत नव्हतं; शब्द तेवढे विशाखाच्या वहीतून पाठ झाले होते. मोतीलाल म्हणायचे, हिनं अंगाई म्हटली तर झोपलेलं पोर उठून बसेल. पण पहिली ओळ वरूनच यायला हवी होती.

त्यांनी म्हटली. बेसूर, मोठ्यानं, भांडण काढावं तशी —

"देठ तुटला, शेत सुटलं, मुकुट हिरवा तरी डोई..."

दिवे आता संत्र्याच्या रंगाचे झाले होते. वांगेराणीने वर पाहिलं. उंचावर, उजेडाच्या मागे, ओळखीच्या जागी उभ्या असलेल्या माणसाकडे. आणि खालून दुसरी ओळ आली, तीन वर्षं अडकलेली —

"विस्तवावर निघाले मी, धीर सोडू नको आई..."

दिवे विझत गेले. लाल झाले. गेले.

आवाज नाही गेला. मिट्ट अंधारात विशाखा गात राहिली, एक कडवं, दुसरं, पेटीशिवाय, माईकशिवाय. एक कांदा खराखुरा रडत होता. तो अभिमनच होता, आणि त्याचं ते काम संपलेलं होतं.

अंधारात सुनंदाबाईंना कळलं, की चढताना धरलेला हात आपण सोडलेलाच नाही. खरबरीत हात. केळीच्या चिकाचा हिरवा, कच्चा वास.

"चुडामणभाऊ..."

"हूं."

"तुमची लाईट... बरी आहे ना हल्ली?"

"नाही, मॅडम. फार अंधार आहे घरी. खूप दिवसांपासून. अर्ज कुठे द्यायचा तेच कळत नव्हतं."

"माझ्याकडे द्या," सुनंदाबाई हळूच म्हणाल्या. "वर 'श्री' लिहून."

गाणं संपलं. टाळी पडायच्या आधीचा तो एक क्षण असतो ना... त्या क्षणाला, कुठून तरी, कुणी तरी, न विचारता वीज सुरू केली.

झगझगीत उजेड. सातशे माणसं. ट्रॅक्टरवर दोघं. हात हातात.

बंद माईकवरून अंधारात शांततेचं आवाहन करत असलेल्या भटू सरांचा आवाज एकदम अख्ख्या जळगावला ऐकू आला — "...पालकांनी आपापल्या जागेवरून हलू नये, आणि — अरे वा!"

"हात सोडा," सुनंदाबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"तुम्हीच धरला आहे. माझा खाली आहे."

त्यांनी खाली पाहिलं. खरं होतं. वीज आली तेव्हा दचकून त्यांना आधी तो खांबच आठवला होता. पण या वेळी वर चढलेलं माणूस धडधाकट उभं होतं. आणि हात गरम होता.

त्यांनी नाही सोडला.

ट्रॅक्टर अर्थातच सुरू झाला नाही. तो फाटकाबाहेर ढकलला तीन कांदे, चार मिरच्या, एक वांगं आणि सुनंदाबाई यांनी. साडीला चीक लागला. तो डाग अजून आहे.

"आई," ढकलता ढकलता विशाखा म्हणाली, "तू फार बेसूर गातेस."

"माहितेय."

"पुढच्या वर्षीही गाशील?"

पुढचं काही झालं नाही, असं आपण सुरुवातीलाच ठरवलंय. फक्त पुढल्या गॅदरिंगच्या आधी तक्रार खिडकीवर एक अर्ज आला. अक्षर चुडामणभाऊंचं, दुरुस्त्या सुनंदाबाईंच्या. तो त्यांनी स्वतःच स्वीकारला, शिक्का मारला, अगदी हळू, आणि वर साहेबांकडे पाठवला —

॥ श्री ॥

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब

विषय : वीज वेळेवर घालवण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी, शेवटच्या गाण्याच्या पहिल्या ओळीआधी, आमच्या भागाची वीज दरवर्षी न चुकता घालवण्यात यावी. तसेच ती पुन्हा सुरू करण्यापूर्वी, खांबावर, ट्रॅक्टरवर अथवा अन्यत्र कोणी उभे आहे काय, याची आपण जातीने जागेवर येऊन खात्री करावी, आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय ती कधीही सुरू करू नये, ही नम्र विनंती.