स्कॅनमधली बोटं

दुपारच होती, पण इराकमधल्या नासिरिया शहरावर धुळीचं वादळ उतरलं होतं आणि इस्पितळाच्या खिडक्या गेरूसारख्या लाल झाल्या होत्या. अतिदक्षता विभागातल्या रिहाब सिस्टरने गझवानच्या पापण्या उघडून टॉर्च मारला. खजुराच्या झाडावरून डोक्यावर पडलेला तरणा गडी. सकाळच्या स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्ताची बारीक कोर दिसली होती. आता डावी बाहुली पसरली होती, उजेडाला दाद देत नव्हती.

"आत्ताच्या आत्ता पुन्हा स्कॅन," डॉक्टर लैथ म्हणाले. "मी ऑपरेशनची तयारी करायला लावतो."

रिहाब गझवानला घेऊन स्कॅनच्या खोलीत पोचली आणि सोबतचं श्वासाचं यंत्र बंद पडलं. रिहाबने क्ष-किरणांपासून वाचायला शिशाचा अंगरखा चढवला, त्याच्या घशातल्या नळीला हवा भरायची पिशवी जोडली आणि आतच थांबून ती हाताने दाबत राहिली. म्हातारा तंत्रज्ञ अबू सज्जाद काचेपलीकडे गेला. दार लागलं. स्कॅनच्या यंत्राचं चाक घरघरत फिरू लागलं... आणि कुठूनसा नदीतल्या कुजक्या गाळाचा वास आला.

"पोरी," स्पीकरमधून अबू सज्जाद म्हणाला, "रक्त वाढलंय. मेंदू एका अंगाला सरकलाय. पण त्याच्या डोक्यावरचा हात काढ ना."

"माझे दोन्ही हात पिशवीवर आहेत, काका."

स्पीकर खरखरला.

"मग... ही बोटांची हाडं कुणाची?"

पिशवी एकदम दगडासारखी घट्ट झाली. गझवानच्या केसांत पाच खळगे पडले होते आणि सावकाश खोल जात होते... रिहाबच्या मानेवर ओला श्वास आला. बाईचा.

"सोड..."

 रिहाबचं डोकंच फिरलं.

"नाही सोडत! तुझ्या बापाचा आहे का हा? माझा पेशंट आहे. हात काढ मेले, नाहीतर एकेक बोट मोडीन!"

अंगातलं सगळं बळ लावून तिने पिशवी दाबली. हवा आत गेली. गझवानची छाती वर आली, आणि केस हळूहळू सपाट झाले.

त्याच संध्याकाळी कवटी उघडून रक्ताची गाठ काढली. गझवान वाचला.

घशातली नळी निघाली त्या दिवशी तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, ती सारखी तुमचं नाव विचारायची... मी नाही सांगितलं."

 रिहाब दाराकडे वळून मोठ्याने म्हणाली, "एवढंच ना? रिहाब! रोज इथेच असते. ये."

बाहेरच्या रिकाम्या व्हरांड्यात कुणीतरी ते नाव हळूच म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा... पाठ करून ठेवावं तसं.