महिपत, उतर

विहिरीत माणसाआधी पेटता कंदील सोडायचा, आणि माणूस आत असेपर्यंत त्याला नावानं हाक मारायची नाही, हे उमरठच्या वरल्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. कंदील विझला तर खाली वाईट हवा. नावाचं कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. रंगूबाईला त्याची अडचणच नव्हती. नवऱ्याचं नाव ती एरवीही घेत नसे.

तिच्या लेकाला, अनिलला, कंदील पटायचा आणि नावाचं हसू यायचं. तो गॅसच्या कामावर जहाजात असे. भर समुद्रात, तळाशी गॅसच्या विहिरी. तिथून पाइप थेट किनाऱ्यापर्यंत. तिथली झडप फिरवायला माणूस जात नाही, केबलला बांधलेलं यंत्र जातं. त्याला कॅमेरे, दिवे आणि एक पोलादी पंजा. अनिल वर केबिनमध्ये बसून ते चालवी. यंत्राला नाव हवं म्हणून त्यानं बापाचंच दिलं. "आमच्याकडे विहिरीत उतरणारा एकच," तो म्हणाला आणि सगळे हसले. तेव्हापासून केबिनमध्ये दिवसभर तेच: महिपत, उतर. महिपत, डावीकडे. घरी त्यानं हे सांगितलं नव्हतं. आपण होऊन शिव्या कोण खाणार?

वैशाखात तो सुट्टीवर आला, तेव्हा विहिरीचा गाळ काढायचा होता. आदल्या दिवशी महिपत अंगणात घायपाताचा दोर वळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "काय रे, बापाला नावानं हाका मारायला कदीपासून लागलास?"

"मी? कुठे?"

"इहिरीतून. पाणी काढाया गेलो का आवाज येतो. महिपत, उतर. तुजाच हाय. मला वळखाया येत नाय व्हय?"

अनिल आठवायला लागला. जहाजावरचा एखादा व्हिडिओ आपण पाठवला होता का? नव्हता. त्याच्या जोडीला तेच यंत्र चालवणारा महाडचा रितेश इथे कधी आलाही नव्हता. मग बापाला कळलं कसं? विचार करकरून त्याचं डोकं भणाणलं.

"बाबा, उद्या मी उतरतो."

"तुला हितल्या खोबणी ठाव नायत. तुजा समुद्र तू बग."

सकाळी कंदील खाली गेला. ज्योत हललीसुद्धा नाही. महिपत कमरेला दोर बांधून उतरला आणि तळाच्या कपारीत दिसेनासा झाला. अनिलनं वरून दोर दोनदा ओढला. खालून दोन हिसके आले. म्हणजे ठीक.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा ओढला. उत्तर नाही.

कंदील शांत जळत होता. बाप दिसत नव्हता. अनिलनं हाक मारायला तोंड उघडलं, तर रंगूबाईनं त्यावर हातच दाबला. "नाव नको घेऊस रे!"

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. शेवटी रंगूबाईनं तो काढून त्याच्यापुढे धरला. स्पीकरवर रितेश होता.

"अनिल, महिपत अडकलाय रे, तळाशी."

रंगूबाईनं फोन दगडावर टाकला आणि विहिरीत वाकून पाहिलं.

"पंजात दोर आलाय. घायपाताचा, आपल्याकडे वळतात तसला. वर आजूबाजूला एक होडी नाही. पण कुणीतरी वरून ओढतंय."

अनिलनं दोर दोनदा ओढला.

"हां, आत्ता. दोनदा."

त्याला काही कळेना. कळून घ्यायला वेळही नव्हता. त्यानं कठड्याला पाय लावले आणि होता नव्हता तेवढा जोर काढून दोर खेचला.

"सुटला!" रितेश ओरडला.

त्याच क्षणी अनिलच्या दोराला वजन आलं.

महिपत वर आला. धड, जिवंत. अनिल लहान पोरासारखा रडला. रंगूबाईनं नवऱ्याला कठड्यावर बसवलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं. अंगाला गाळाचा ठिपका नव्हता. नुसतं पाणी निथळत होतं.

"अवो, बोला ना कायतरी."

तो समोर बघत होता. पापणी लवत नव्हती.

"बाबा?"

फोन दगडावर तसाच चालू होता. पलीकडे रितेश पुन्हा कामाला लागला होता.

"चल, महिपत. डावीकडे."

महिपतची मान सावकाश डावीकडे वळली.