गुरुवारी तीन वाजता

त्या दिवशी अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावाच्या आकाशात ढग औषधालाही नव्हता. तरी माझ्या हातात छत्री होती. लायब्ररीच्या दाराशी ती कुठे ठेवावी म्हणून मी स्वतःशीच पुटपुटत उभा होतो, तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला.

"काठी म्हणून आणली असेल, तर उलटी धरलीय तुम्ही."

वळून पाहिलं. साठीच्या पुढची एक बाई, पायात मुलीचे असावेत असे मोठे बूट, पाठीवर पांढरी होत आलेली वेणी आणि हाताला तीन वर्षांची नात.

"पावसाचा भरवसा नसतो," मी म्हणालो.

"इथे? ऑगस्टात?"

"इथे नाही... मी आधी राहत होतो, तिथे."

एवढं बोललो आणि माझे कान तापले. अनोळखी माणसाशी सलग दोन वाक्यं बोलायची मला सवय राहिली नव्हती. पण तिने नातीला, केयाला, मुलांच्या गोष्टींच्या खोलीत सोडलं आणि परत येऊन सरळ माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. "तिथे म्हणजे कुठे?" तिने विचारलं. जणू मधली दोन मिनिटं गेलीच नव्हती.

तिचं नाव सुलेखा. नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगी यामिनी नोकरीला जाते म्हणून सहा महिन्यांसाठी केयाला सांभाळायला आलेली. ऑक्टोबर संपायच्या आत परत जाणं भाग होतं, कारण तशी तारीखच पासपोर्टावर होती. हे सगळं तिने पाच मिनिटांत सांगितलं. माझ्याबद्दल सांगायला मला दोन मंगळवार आणि एक गुरुवार लागला.

गोष्टींचा तास मंगळवारी आणि गुरुवारी असायचा, साडेदहा ते अकरा. आमच्या वाट्याला तेवढाच अर्धा तास यायचा.

मी सत्तावीस वर्षं इंग्लंडमध्ये ॲशकोम नावाच्या गावात औषधांचं दुकान चालवलं. चार हजार वस्ती, एक नदी, एक चर्च, एक बेकरी. सुलभा, माझी बायको, तिथेच गेली. त्यानंतर मुलाने, नकुलने, मला इथे आणलं. तिकडचं घर अजून तसंच बंद आहे. त्याचं काय करायचं हे नकुल दर रविवारी विचारतो आणि मी दर रविवारी बघू म्हणतो.

सुलेखाने ब्रिटनचा पाऊस जन्मभर शिकवला होता, पाहिला मात्र कधीच नव्हता. आली की ती लायब्ररीतला कागदाचा चिटोरा आणि बोटभर पेन्सिल पुढे ओढायची. "सांगा नं, आज काय झालं ॲशकोममध्ये?"

मी म्हणायचो, काही नाही झालं. तिथे काही होतच नाही. साडेपाचला दुकानं बंद होतात. सहाला रस्त्यावर फक्त कुत्री फिरवणारी माणसं. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो, आणि नदीवरचं धुकं पुलावर चढून येतं, मग पलीकडचं गाव दिसेनासं होतं. बेकरीवाला काहीही न विचारता माझा पाव बाजूला ठेवायचा. सत्तावीस वर्षं ठेवला, पण माझं पहिलं नाव त्याने कधी विचारलं नाही.

हे ऐकत ती नकाशा काढायची. नदीचं वळण, पूल, बेकरी. दर भेटीत एक गल्ली वाढायची. मी चुकून चर्च नदीच्या अलीकडे सांगितलं तर ती पेन्सिल थांबवायची. "मागच्या गुरुवारी पलीकडे होतं. देऊळ सरकलं का?"

मी हसायचो. मला हसायला येतं, हे विसरलो होतो.

"एकटं वाटायचं?" एकदा तिने विचारलं.

मी म्हणालो, गावातल्या प्रत्येकाचा रक्तदाब मला ठाऊक होता, पण कुणाच्या स्वयंपाकघराचा रंग ठाऊक नव्हता. सुलभा गेली तेव्हा दाराच्या फटीतून सांत्वनाची अकरा कार्डं आली. कुणीतरी पायरीवर सूपचं भांडं ठेवून गेलं. बेल कुणीच वाजवली नाही. भांड्याखाली नाव होतं, म्हणून मी ते धुऊन त्या बाईंच्या पायरीवर ठेवून आलो. बेल मीही वाजवली नाही. माणसं वाईट नव्हती. चांगुलपणा होता, फक्त तो दारापर्यंत यायचा आणि परत जायचा.

पेन्सिल बराच वेळ कागदावर तशीच टेकून राहिली. मग, मला वाटतं माझ्यासाठीच, तिने विषय बदलला. पहिल्या वर्षीची काहीतरी गंमत सांगा म्हणाली.

मी लाडवांची सांगितली. आम्ही ॲशकोमला नवीन होतो. शेजारच्या मिसेस पेम्बर्टन म्हणाल्या, एकदा संध्याकाळी याच तुम्ही दोघं. सुलभाने त्याच शुक्रवारी बेसन भाजलं. ती जरीची साडी नेसली, मी टाय लावला, आणि डबा घेऊन आम्ही त्यांची बेल वाजवली. मिस्टर पेम्बर्टननी दार उघडलं. पायात सपाता, हातात काटा, काट्याला बटाटा. आम्ही त्यांच्या दाराच्या आतल्या बोळात सात मिनिटं उभे होतो. हवेबद्दल बोललो, डबा दिला, आणि परत आलो. नंतर कुणीतरी समजावलं की इथे वार आणि वेळ सांगितली नसेल, तर ते आमंत्रण नसतं. ते नुसतं चांगलं बोलणं असतं.

ती इतकी हसली की काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. डोळे पुसत ती म्हणाली, "आमच्याकडे उलटं. वार आणि वेळ सांगितली की समजावं, बाई नाइलाजाने बोलावतेय."

"मग तुम्ही कसं बोलावता?"

"तुम्हाला बोलवायचं झालं तर वार आणि वेळ सांगीन." तिने नकाशाची घडी घातली. "लक्षात ठेवीन हं मी."

त्या दिवशी घरी चालत येताना माझी छत्री लायब्ररीत राहिली. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मला तिला एकच गोष्ट विचारायची होती. याल का ॲशकोमला, माझ्याबरोबर? नदी, पूल, बेकरी सगळं तुमच्या नकाशात आहेच. हे वाक्य मी आंघोळ करताना म्हणायचो, भाजी निवडताना म्हणायचो. नीट यायचं. लायब्ररीत बसलो की मात्र मनात यायचं की ही बाई आपला वेळ घालवते आहे एवढंच. बहात्तर वर्षांच्या माणसाने कुणाच्या सौजन्याचा भलता अर्थ काढू नये. सप्टेंबर असाच गेला. झाडं पिवळी झाली, मग लाल झाली. गोष्टींच्या तासाला केया आता टाळ्या वाजवत जाऊ लागली.

ऑक्टोबरातला शेवटचा मंगळवार आला. तिने नकाशा उलगडला. घड्यांवर तो विरायला लागला होता.

"तुमचं घर राहिलंय."

मी नदीकाठची जागा दाखवली. तिने छोटा चौकोन काढला, वर धुराडं काढलं. मग पेन्सिल चौकोनाजवळच धरून, वर न बघता म्हणाली, "लोकसंख्या किती लिहू?"

वाक्य आत तयार होतं... अगदी ओठांशी.

"एक," मी म्हणालो.

"नक्की?"

"हो."

तिने एक लिहिला. सावकाश, शाळेतल्या फळ्यावर लिहावा तसा. मग कागद पर्समध्ये ठेवला आणि सांगितलं की परवाच्या विमानाने ती निघते आहे. गुरुवारच्या गोष्टीच्या तासाला केयाला आणता येणार नाही, बॅगा भरायच्यात. यामिनी ऑफिसातून लवकर येऊन तिला विमानतळावर नेणार होती.

आतून मुलांचा गलका आला. तास संपला होता. ती उठली, थांबली.

"गुरुवारी तीन वाजता मी चहा ठेवीन," ती म्हणाली. "केया तेव्हा झोपलेली असते."

"दगदग नका करून घेऊ," मी म्हणालो. "प्रवास लांबचा आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर अजून मोजतो आहे. मग "बरं" म्हणाली आणि केयाचा हात धरून गेली.

गुरुवारी जेवलो, वाचायला बसलो, एकच पान चार वेळा वाचलं. तीन वाजून गेल्यावर स्वतःपुरता चहा केला. कप विसळत होतो. खिडकीबाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. आणि एकदम हात थांबला.

गुरुवार. तीन वाजता.

तिने वार सांगितला होता. वेळ सांगितली होती. नियम मीच शिकवला होता, आणि उत्तर मात्र ते नुसतं चांगलं बोलणं समजून दिलं होतं.

फोन घेतला. 'येऊ का?' असं लिहिलं आणि पुसलं. बोलावलेल्या माणसाने परत विचारणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा बोलवायला लावणं. तसाच निघालो. मला गाडी चालवता येत नाही. तिचं घर एकदा लांबून दाखवलेलं, पाऊण तासाच्या वाटेवर. अर्ध्या रस्त्यात फूटपाथ संपतो, पुढे गवतातून चालावं लागतं. गाड्या पाणी उडवत जात होत्या. छत्री घरी राहिली होती.

पोचलो तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती. दारासमोरची गाडीची जागा कोरडी होती, सभोवती सगळं ओलं. म्हणजे गाडी नुकतीच हलली होती. मी बेल वाजवली. एकदाच. दुसऱ्यांदा वाजवायची माझी सवय नाही.

रविवारी सकाळी नागपूरला फोन केला. तिकडे संध्याकाळ होती. घरात धूळ फार साचली आहे म्हणाली, केयाची आठवण येते म्हणाली. आवाज शाळेतल्या पालकांशी बोलावा तसा नीट होता.

"गुरुवारी मी आलो होतो," मी म्हणालो. "उशिरा."

"किती वाजता?"

"चारला पाच कमी."

"यामिनीने घाई केली. मी पावणेचारपर्यंत थांबवून धरलं तिला." मग म्हणाली, "आधण दोन कपांचं होतं."

नकाशाबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

"बरं, ठेवते. या हं एकदा नागपूरला. कधीतरी."

मी थांबलो. पुढे वार येईल, निदान महिना तरी येईल म्हणून थांबलो. तिकडे पंख्याचा आवाज येत होता. कदाचित तीही थांबली असेल. कधी, एवढाच एक शब्द विचारायचा होता.

"हो, हो," मी म्हणालो. "नक्की."

'याच एकदा' म्हणणाऱ्या मिसेस पेम्बर्टनना मी पुढची सव्वीस वर्षं हेच उत्तर दिलं होतं.