तिसऱ्या हाकेचा हो

कोरपन्याजवळच्या त्या गावात लाईट गेली होती. जेवणं आटोपून गुणवंतराव अंगणात बाजेवर टेकले होते. शेजारी त्यांची नातवंडं, दिव्यानी आणि प्रफुल.

"आबाजी, भुताची सांगतो म्हणता अन् मोहाच्या झाडापासून सुरू करता," दिव्यानी म्हणाली. "मुद्द्यावर या न."

"भुताची कोण सांगून राह्यलं? अमरची सांगतो. आपल्याच गावचा हाय. खोटं वाटत असन तर उद्या विचारून ये."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

सन चोवीस. पाडव्याचा आदला दिवस, सोमवार, अमावस्या. पहाटेचे साडेचार. अमर पाठीला पिशवी लावून गावामागच्या पहाडीकडे निघाला. पिशवीत गॅसचा छोटा स्टो, पाणी, कॉफीचा डबा आणि दोन कप. काम साधं होतं. माथ्यावर जायचं, सूर्य निघता निघता कॉफी करायची, एक कप तिथल्या दगडावर ठेवायचा आणि आठच्या आत कारखाना गाठायचा.

हे काम चंदाबाईनं सांगितलं होतं. अमरचा गेलेला दोस्त पोचू, त्याच्या आईनं.

"बरस झालं, बाप्पा. रोज तिथं कॉफी प्यायचे तुमी दोघं. तिथूनच माह्या पोरानं मले शेवटचं 'हो' म्हटलं. त्याच्या नावाचा एक कप ठेवून ये."

अमर 'बरं' म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तो 'हो' पोचूचा नव्हताच.

हैदराबादेत हॉटेलात दोन वर्षं राबून अमर कॉफीची सवय घेऊन आला होता. "चहा सोडून कोळशाचं पाणी पितेत," म्हणून गाव हसायचं. पोचूला मात्र गोडी लागली. कामावर जाण्याआधी दोघं रोज पहाडी चढायचे. मोहाच्या दिवसांत खाली उतारावर बायका फुलं वेचायच्या. वेचणाऱ्यांचा एक नियम होता. जंगलात आपल्या माणसाला मधूनमधून हाक मारायची. त्यानं 'हो' द्यायचा. तिसऱ्या हाकेलाही 'हो' आला नाही, की टोपल्या टाकून सगळ्यांनी शोधायला निघायचं.

वर्षापूर्वी त्या दिवशी पोचू मागे राहिला. खालून चंदाबाईची हाक आली, "पोचूऽऽ!" मग दुसरी. अमर माथ्यावर एकटा होता. कॉफी नुकती फुगून वर येत होती. बसला असेल कुठे मोबाइल पाहत... आता ही बाई वर चढेल, शिव्या घालेल, कॉफीचा सत्यानाश होईल. तिसऱ्या हाकेला अमरनं तोंडाशी हात धरले आणि पोचूसारखा आवाज काढला, "होऽऽ!" स्वतःच हसला.

खाली बायका निर्धास्त वेचत राहिल्या.

पोचू मधल्या नाल्यात होता. घोणस चावली, तो भेदरून पळाला आणि डोक्यावर कोसळला. दोन तासांनी सापडला. डॉक्टर म्हणाले, वाचवायला हेच दोन तास होते.

"अन् त्या बाईले त्यानं वर्षभर सांगतलं नाई?" दिव्यानी उसळली. "तुमचं मोठ्यांचं हेच. गप्प राहाचं, बस!"

"दोनदा सांगाले गेला. दोन्ही डाव तिच्या तोंडातून तेच निंघे, माह्या पोरानं मले 'हो' म्हटलं. तेवढंच तर उरलं होतं तिच्यापाशी. तू हिसकलं असतं?"

"हिसकलं असतं."

गुणवंतरावांनी गोष्ट पुढे नेली.

...अमर माथ्यावर पोचला. स्टो पेटवला. पूर्वेला तांबडं फुटलं. त्यानं दोन कप भरले, एक दगडावर ठेवला. खाली बायका आल्या होत्या. चंदाबाईनं हाक दिली.

"अमरऽऽ! पोचला का?"

त्यानं तोंड उघडलं. त्याच्या आधीच उत्तर गेलं.

"होऽऽ."

त्याच्या पाठीमागून. त्याच्याच आवाजात.

त्यानं वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

अमर पळत सुटला. पायाखालचा दगड निसटला. नाल्यात पडला तो पाय मोडूनच. छातीला असा मार बसला की श्वास निघेना. ओरडायला गेला... नुसती हवा.

"अमरऽऽ! ठेवला का कप?"

वरून, माथ्यावरून, "होऽऽ."

दुसरी हाक झाली होती. एक उरली होती. तिसऱ्यालाही 'हो' गेला, की कोणी येणार नव्हतं. बायका फुलं वेचतील. उन्हं चढतील. तो इथेच...

"अमरऽऽ!"

त्यानं सगळा जीव गळ्यात आणला.

"बाई... तो मी नोहो! मी नाल्यात हाय! त्या दिवशीबी... पोचू नोहता. 'हो' मी म्हटलं होतं. मीच!"

माथा गप्प झाला.

बायका धावत आल्या. सगळ्यांच्या मागून चंदाबाई. तिनं अमरकडे पाहिलं. कितीतरी वेळ.

"मंग माह्या पोरानं... मले काईच नाई म्हटलं?"

"नाई, बाई."

ती दगडावर बसली. मग उठली, पदर खोचला, त्याचा मोडका पाय दोन्ही हातांनी धरला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही. बोलली मात्र नाही. अजूनही त्याच्याशी बोलत नाही.

"मार बसला होता न त्याले," प्रफुल म्हणाला. आवाज जरा बारीक झाला होता. "भास झाला असन."

गुणवंतराव उठून घरात गेले. येताना एक जुनी वही आणली.

"तवा कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांची हजेरी मी घेत होतो. नाव वाचाचं, 'हो' आला की खूण कराची. मान वर करून पाहाची सवय नोहती मले."

दिव्यानीनं मोबाइलची बॅटरी पानावर धरली. आठ एप्रिल. अमरच्या नावापुढे सकाळच्या रकान्यात बरोबरची खूण.

"आठ वाजता तो गडचांदुराच्या दवाखान्यात होता," गुणवंतराव म्हणाले. "दुपारी मले बातमी भेटली. तरी सांजेले सवयीनं त्याचं नाव वाचलं..."

"अन्?"

"'हो' आला. तवा मान वर केली."

"मंग? कोण होतं, आबाजी?"

त्यांनी पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

सांजेच्या रकान्यातली खूण अर्धीच होती. तिथून पेनची रेघ वाकडीतिकडी खाली घसरत पानाच्या कडेबाहेर गेली होती.