नऊ मिनिटं

डहाणू रोडला स्टेशनच्या पूर्वेला माझं चष्म्याचं दुकान आहे. राहतो मसोलीत. नंबर तपासणं, काचा घासून फ्रेममध्ये बसवणं, हेच काम मी बावीस वर्षं करत आलो आहे, त्यामुळे काचेतून दिसणाऱ्या गोष्टींवर माझा सहसा विश्वास असतो. चाळिशी ओलांडल्यावर मला फोटोग्राफीचं वेड लागलं. वलसाडच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून जुना कॅमेरा घेतला, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो, आणि दर रविवारी स्कूटर काढून कधी कैनाडच्या भातखाचरांत, कधी कोसबाडच्या टेकडीवर जाऊ लागलो. पहिली दोन वर्षं मी फक्त सूर्यास्त काढले. ते कोणी विकत घेत नाही, हे कळायलाही दोन वर्षं लागली.

मग मी माणसं काढू लागलो. डहाणू गावाच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात, तिथे जायला लागलो. सुरुवातीला बायका तोंड फिरवायच्या, नाहीतर मुद्दाम ताठ उभ्या राहायच्या. तीन हिवाळे गेले, तेव्हा कुठे त्यांना माझी सवय झाली. त्यांच्यात जमुना होती, पस्तिशीची. तिच्या नवऱ्याला, चंदरला, मी जाळं विणण्यासाठी जवळचा चष्मा करून दिला होता. तो बोटीवर जायचा. मला बघितलं की लांबूनच हात करायचा.

गेल्या डिसेंबरमधला एक रविवार. ओहोटी होती, आभाळ पातळ ढगांनी भरलेलं. सावली पडत नाही असा उजेड माणसांच्या चेहऱ्यांना फार चांगला. जमुना आणि तिची नणंद संगीता बांबूंवर बोंबील अडकवत होत्या. मी नुकताच कॅमेरा काढला होता, तेवढ्यात फोन वाजला. चंदरबरोबर बोटीवर असणाऱ्या बाळ्याचा होता.

"नविनभाऊ, तुम्ही किनाऱ्यावर आहात काय? जमुनाचा फोन घरीच राहिलाय. चंदर पाण्यात पडला. काढलाय त्याला, दवाखान्यात आणलाय. शुद्धीवर आहे, पण डॉक्टर काय चांगलं बोलत नाय. तिचं नाव घेतोय सारखं. घेऊन या तिला. लवकर या."

"आणतो," मी म्हणालो.

दहा वाजून आठ मिनिटं झाली होती. फोनमध्ये ती नोंद अजून आहे. स्कूटर पन्नास पावलांवर उभी होती. तिथून दवाखाना बारा-तेरा मिनिटांवर.

मी फोन खिशात ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. संगीताने काहीतरी चावट बोलल्यावर जमुना खदखदून हसली. इतक्या दिवसांत ती माझ्यासमोर अशी हसली नव्हती. आणि मला त्या क्षणी जे वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मला वाटलं, हे हसणं आता संपणार आहे. ते फक्त मला माहीत आहे. म्हणून ते मला हवं होतं.

एक फोटो, मग निघू, असं मी ठरवलं. पहिल्या फोटोत तिचे डोळे मिटले. दुसऱ्यात संगीताचा हात आडवा आला. असं करत मी थांबलो. मधूनमधून घड्याळही बघत होतो. शेवटचा फोटो दहा सदतीसचा आहे.

मग कॅमेरा पिशवीत घातला, तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "जमुनाबाई, आत्ताच फोन आला."

आम्ही पोचलो तेव्हा बाळ्या पायरीवर बसला होता. तो उठला नाही. दवाखान्याच्या कागदावर चंदर गेल्याची वेळ लिहिली होती, दहा एकतीस. फोन आल्याबरोबर निघालो असतो तर जमुनाला नऊ मिनिटं मिळाली असती.

"जमुना लवकर सापडली नसेल तुम्हाला," बाळ्या माझ्याकडे बघत म्हणाला.

मी मान हलवली. मला खोटं बोलावंही लागलं नाही. ते त्याने बोलून दिलं आणि मी घेतलं.

महिनाभर मी ते फोटो उघडले नाहीत. मग उघडले. दहा चौतीसचा फोटो मी आयुष्यात काढलेला सर्वांत चांगला फोटो होता. जमुना ओठांवर हसू घेऊन मान किंचित वळवते आहे, हातात बोंबील, मागे बांबूंच्या रांगा आणि कोरडी पांढरी वाळू. मी त्याला 'निवांत' असं नाव दिलं. फेब्रुवारीत मुंबईच्या एका प्रदर्शनात तो लागला, बक्षीस मिळालं, प्रिंट विकल्या जाऊ लागल्या. जमुनाला मी विचारलं नाही. तिला प्रिंटही दिली नाही. तिच्या वाडीच्या रस्त्याने जाणंच सोडलं.

मोठी प्रिंट पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा एक गोष्ट दिसली. जमुनाच्या मागे, तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या मध्ये, वाळूवर थाळीएवढा काळसर डाग होता. आधी शाई सांडली असावी असं वाटलं, पण मूळ फोटोतही तो होता. सावली म्हणावी तर त्या दिवशी कशाचीच सावली नव्हती. मी त्या दिवसाचे सगळे फोटो ओळीने बघितले. दहा तीसच्या फोटोत वाळू कोरडी आहे. दहा बत्तीसच्या फोटोत ओली. मधल्या वेळात तिथून कोणी गेलं नव्हतं आणि भरतीचं पाणी खूप लांब होतं. संगीताने टोपलीतलं पाणी ओतलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मात्र संगीता सगळ्या फोटोंत डाव्या हाताला आहे.

मे महिन्यात जिग्नेशभाईंचा फोन आला. तलासरीजवळ हायवेवर त्यांचं हॉटेल आहे. 'निवांत'ची सर्वांत मोठी प्रिंट त्यांनी वरच्या एसी हॉलमध्ये लावली होती.

"नविनभाई, फोटो एकदम मस्त छे, पण काचेला काय लावलं तुम्ही? सफेद सफेद येते. तीन वेळा पुसलं."

मी दुकान बंद करून गेलो. काचेच्या आतल्या बाजूने, खालच्या कडेला, पांढरी बारीक पूड धरली होती. मी बोटावर घेऊन जिभेला लावली. मीठ होतं. फ्रेम खोलली तर प्रिंट कोरडी, मागची भिंत कोरडी. मी काच बदलून दिली.

"अजून एक बोलू?" जिग्नेशभाई हळूच म्हणाले. "हसू नका. फोटोखालच्या ह्या टेबलावर कोणी बसत नाही. गर्दी असली तरी नाही. येतात, खुर्ची ओढतात, मग दुसरीकडे जातात. एका बाईला मी विचारलं. ती बोलली, अहो, इथे कोणी बसलेलं आहे ना."

मी हसलो नाही. त्यांनी दिलेला चहाही मला संपवता आला नाही.

गणपतीनंतर कोसबाडच्या जयश्रीबाई दुकानात आल्या. त्या शाळेत शिकवत, आता निवृत्त आहेत. छोटी प्रिंट त्यांनी हौसेने नेली होती. ती वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणली.

"पैसे नकोत मला," त्या म्हणाल्या. "आम्ही घरात मासे करत नाही, तरी त्या खोलीला वास येतो. पण ते सोडा. मला एक विचारायचं होतं. तुम्ही हा फोटो काढत होतात तेव्हा मागून कोणी तिला हाक मारली का?"

"नाही. का?"

"वर्गात पाठमोऱ्या मुलीचं नाव घेतलं की तिची मान अशी वळते. आधी हसू तसंच राहतं, मान वळायला लागते. चाळीस वर्षं बघितलंय मी."

त्या गेल्यावर मी प्रिंट उलगडली. आणि मला ते आठवलं. जमुना वळली होती. पूर्ण वळून तिने रांगांमध्ये बघितलं होतं, मग संगीताला म्हणाली होती, "तू काय बोललीस?" संगीता नाही म्हणाली होती. हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं. मला ते दिसलं होतं ते फक्त चांगला फोटो म्हणून.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी जमुनाकडे गेलो. दोनचा सुमार होता, ऊन रखरखीत होतं. वाडीत सामसूम होती. बरोबर एक प्रिंट घेतली होती. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो, की माफी मागावी, की फक्त प्रिंट देऊन यावं. दार उघडंच होतं.

"या नविनभाऊ," ती आतून म्हणाली, माझी चाहूल लागायच्या आधी.

ती चटईवर बसून जाळं दुरुस्त करत होती. डोळ्यांवर चंदरचा चष्मा होता, मी केलेला. मी समोर बसलो. भिंतीवर चंदरचा हार घातलेला फोटो होता. मी प्रिंट पुढे केली. तिने ती हातात घेतली, थोडा वेळ बघितली आणि बाजूला ठेवली.

"हा मी बघितलाय," ती म्हणाली. "माझ्याकडं दुसरा हाय."

ती उठली, पेटीतून जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

फोटो होता. मी वापरतो तोच खरखरीत कागद, तशीच बोटभर पांढरी कड. फोटोत मी होतो. मागे सुरूची झाडं, माझी स्कूटर. कॅमेरा गळ्यात लटकलेला. डाव्या कडेला जवळून, धूसर, जमुनाचा खांदा आणि अंबाडा. फोटो तिच्या पाठीमागून काढलेला होता. तिसऱ्या आणि चौथ्या रांगेमधून. तिथे त्या दिवशी कोणी नव्हतं.

फोटोतला मी मनगट वर करून घड्याळ बघत होतो.

माझा चेहरा स्वच्छ दिसत होता. कंटाळलेल्या, वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा. नंबर येईपर्यंत दुकानात गिऱ्हाईक बसतं, तसा.

"कोणी दिला?" मी विचारलं.

"ह्यांनी आणला. नारळी पुनवेला."

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

"मी विचारलं त्यांना," ती म्हणाली. "म्हटलं, हे नविनभाऊ घड्याळात काय बघतात? ते काय बोलत नाहीत. आले की नुसतं बसून राहतात. म्हणून मी तुमची वाट बघत होते. तुम्ही सांगा."

रागावली असती तर बरं झालं असतं. भाव विचारावा इतक्या साधेपणाने तिने हे विचारलं.

मी सांगितलं.

फोन किती वाजता आला ते सांगितलं. बाळ्या काय म्हणाला ते शब्द न गाळता सांगितले. चंदर तिचं नाव घेत होता, हेही सांगितलं. तिचं हसणं मला का हवं होतं, ते सांगताना माझी मान इतकी खाली गेली की मला फक्त चटईची वीण दिसत होती. फोन आला तेव्हा ती माझ्या समोरच होती, असं सांगितलं. शेवटी ती नऊ मिनिटं सांगितली.

जाळ्यातली सुई थांबली होती.

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेली. मग तेही थांबलं.

"ऐकलंत ना?" जमुना म्हणाली.

"हो," मी म्हणालो. मला वाटलं ती मला विचारते आहे.

मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून, दाराकडे बघत होती.

माझी पाठ दाराकडे होती. मी मागे वळलो नाही. इतकं सगळं कबूल केल्यावर तेवढं तरी करायला हवं होतं. मी केलं नाही.

जमुनाने चष्मा काढला, घडी करून शेजारी ठेवला. मग जाळं गोळा करून मांडीवर घेतलं, ओला होऊ नये म्हणून पदर आवरून घेतला, आणि चटईवर एका माणसापुरती बाजूला सरकली.