मोठं इंजिन, जुने ब्रेक

दिवा राहू द्या, नुसता जरा बाजूला सरकवा. डोळ्यांवर येतोय. आणि दार लोटून घ्या, वारा सुटलाय.

आमच्या ओळखीतला एक मिस्त्री होता. होता म्हणजे, आहे अजून. हातपाय धड आहेत, पण गाडी स्वतः चालवत नाही. का, तेच सांगतो. त्याने हे एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून, हातातला पाना पुसत पुसत. म्हणून त्यात पदरचं काही घालायचं नाही.

त्याच्या थोरल्या भावाची एक जुनी स्पोर्ट्स कार होती. दोनच माणसांची, बुटकी, जमिनीला पोट टेकेल अशी. भाऊ वारला आणि गाडी त्याच्या मुलाकडे आली. पोरगं विशीतलं. गाडीवर जीव, पण तिची चाल त्याला पुरेना. काकाच्या मागे लागलं, मोठं इंजिन बसवून दे. मिस्त्रीला एकच पुतण्या. त्याला नाही म्हणणं जिभेवर यायचंच नाही. आणलं भंगारातून एका मोठ्या गाडीचं इंजिन. चाराच्या जागी सहा सिलिंडर. शेजारचा चहावाला म्हणायचा, सायकलला आगगाडी जोडतोयस, निदान घंटी तरी मोठी लाव. मिस्त्री हसायचा आणि पुढचा पत्रा कापायला घ्यायचा.

इंजिन बसलं. त्याच्या जोडीचा गिअरबॉक्सही रुंद, म्हणून शेजारच्या सीटखालचा पत्रा कापून तिथे नवा जोडावा लागला. राहिले ब्रेक. ते जुनेच, लहान इंजिनाच्या बेताचे. मोठे मागवले होते, अजून आले नव्हते. आणि पोराला रविवारी सकाळी मित्रांबरोबर घाटात जायचं होतं. मिस्त्री म्हणाला, बरं, जाऊन ये, परत आलास की बसवू. पोराची आई दारातच उभी होती. एरवी ती गॅरेजच्या गोष्टींत पडत नसे. त्या दिवशी एवढंच म्हणाली,

“भावजी, त्यात आधी तुम्ही बसा. मग माझ्या पोराला बसवा.”

ते त्याला लागलं. म्हणून शनिवारी रात्री, जेवण उरकून, तो गाडी चालवून बघायला निघाला. थंडी सरत आली होती. साडेदहाचा सुमार. चांदणं नव्हतं. शेजारची सीट अजून बाहेरच, गॅरेजच्या भिंतीला टेकवलेली. नव्या पत्र्यावरचा लाल प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला हात, दुपारीच वाळला होता. सीट काय, सकाळी बसवू, असं म्हणून त्याने किल्ली फिरवली.

घरं मागे पडली. त्याने पाय दाबला आणि गाडीने अशी उचल खाल्ली की तो एकटाच हसला. स्वतःच्या हातचं काम असं बोलायला लागलं की माणूस दुसरं काही ऐकत नाही, बाळांनो.

पहिलं वळण आलं. तो ब्रेक लावणार, तोच शेजारून आवाज आला. रिकामा डबा अंगठ्याने दाबावा तसा. डब.

नवा पत्रा आहे, बसेल, असं त्याने मनाशी म्हटलं. दुसरं वळण. पुन्हा डब. त्याचा पाय ब्रेकवर जायच्या आधी.

गाडी थांबवून त्याने टॉर्च मारला. विसरलेला पाना नाही. सुटा नट नाही. पत्रा सपाट, लाल, कोरा. हाताने दाबून पाहिला, हलला नाही. मागे फिरावंसं वाटलं. पण सकाळी पोरगं याच रस्त्याने जाणार होतं. खाली उतार, उताराच्या तळाशी वळण, आणि वळणालाच लागून नदीचा अरुंद पूल. तिथपर्यंत बघायलाच हवं होतं.

उताराला लागला. डब. वळण अजून लांब होतं. डब. डब. जोरात. कुणीतरी पाय रोवून दाबत होतं...

आणि मग त्याला कळलं.

दादा शेजारी बसला की असंच करायचा. धाकटा गाडी हाणतोय म्हणून जीव मुठीत धरायचा, पण शब्द बोलायचा नाही. आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत बसायचा. सगळे हसायचे त्याला.

मिस्त्रीने तिकडे पाहिलं नाही.

डब. डब. डब...

त्याने ब्रेक दाबला. एरवी दाबला असता त्याच्या कितीतरी आधी. गाडी मंदावली... आणि मग मंदावेचना. पेडल तळाला गेलं. जळका वास आला. त्याने हँडब्रेक ओढला. चाकं किंचाळली. पूल आला. कठडा आला...

थांबली.

बंपर आणि कठडा, मधे हात घालण्यापुरती फट. खाली पाणी वाहत होतं, ते ऐकू येत होतं. शेजारून काही नाही.

“दादा...”

काही नाही.

पहिल्या गिअरमध्ये, पायी चालल्यासारखा, तो परत आला. तिकडे न बघताच उतरला. रात्रभर जागला, आणि उजाडायच्या आत गाडीची चारही चाकं काढून ठेवली.

पोरगं बॅग घेऊन आलं. आधी आर्जव, मग चिडचिड. मित्र खोळंबलेत, काका. तू शब्द दिला होतास. घाबरलास ना, म्हातारा झालास.

“हो, घाबरलो,” मिस्त्री म्हणाला. “मोठे ब्रेक बसल्याशिवाय ही गाडी इथून हलायची नाही.”

काकाने आपल्याला नाही म्हणावं, हे पोराने पहिल्यांदाच ऐकलं. काहीतरी आदळायचं म्हणून त्याने भिंतीची सीट उचलली, आत बसवायला वाकला... आणि तसाच राहिला. मग सीट हळूच खाली ठेवली.

“काका... इथे कोण उभं होतं?”

मिस्त्री जवळ गेला. नव्या पत्र्यात पाय उमटला होता. बुटाचा नाही. अनवाणी, उजवा, टाचेपासून पाचही बोटांपर्यंत, ओंजळभर पाणी राहील इतका खोल. लोखंडी पत्रा एवढा वाकला की वरचा रंग फुटतोच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

प्रायमरवर एक चरासुद्धा नव्हता.